कुमुदआत्याचं इंजिन

मला पसंत करून गेलेल्या पहिल्या मुलाचं घर बघायला आम्ही गेलो, तेव्हा कुमुदआत्याने त्यांच्या फ्रीजला कान लावला. घर पार्ल्याचं, माणसं सभ्य, पोहे ठीक. आत्या पाणी प्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेली ती बाहेरच येईना. मुलाची आई बघायला गेली तर ही बाई फ्रीजच्या मागे वाकून, डोळे मिटून उभी. बाहेर येऊन ती गप्प बसली. जिना उतरताना मात्र म्हणाली, "नको हे घर. फ्रीज कधीपासून खडखडतोय देव जाणे, आणि घरात एवढी माणसं, एकाच्याही कानावर नाही. उद्या मेघा आत रडत बसली तर यांना ऐकू यायचं नाही."

"अहो वन्सं, मुलगा इंजिनिअर आहे," आई म्हणाली.

"मग तर कहरच झाला."

पुढे नकार त्यांच्याकडूनच आला, मुलगी फार बोलते म्हणून, ते सोडा. मी वकील झाले, दिंडोशीच्या कोर्टात बोलण्यावरच पोट भरते. पण आत्याचं ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. माझ्या नवऱ्याला मी होकार दिला त्याच्या आधी आत्याने त्यांच्या घरचा मिक्सर ऐकला होता, हे त्याला अजून माहीत नाही.

आत्या ही माझ्या बाबांची धाकटी बहीण. लग्न का केलं नाही असं कोणी विचारलं तर म्हणायची, "आधी जमलं नाही, आणि मग लक्षात राहिलं नाही." भांडुपच्या एका मशिनच्या कारखान्यात ती ड्रॉइंग ऑफिसात चिकटली आणि त्याच ऑफिसची प्रमुख होऊन निवृत्त झाली. जन्मभर मशिनच्या सुट्या भागांचे नकाशे काढले, त्यामुळे कुठल्याही बंद डब्याच्या आत काय चाललंय हे तिला बाहेरून कळायचं. एक लाकडी दांडी होती तिच्याकडे, पडद्याच्या रॉडची असावी. तिचं एक टोक कानाला, दुसरं मशिनला. लिफ्टची मोटर, पाण्याचा पंप, शेजारच्या देसाईंचं वॉशिंग मशिन, सगळ्यांचं निदान ती दांडी लावून करायची आणि बहुधा बरोबर निघायचं. मला सारखी म्हणायची, "मेघे, कोर्टात तरी आधी ऐकतेस ना गं? का तिथेही सुरूच?"

कारखान्याचे जुने मॅनेजर मुलीकडे परदेशी राहायला निघाले तेव्हा आपली गाडी ते आत्याला देऊन गेले. दुसऱ्या कोणाला दिली तर तो तिचे हाल करील म्हणाले. दोन माणसांची, बुटकी, छत मागे दुमडणारी, गर्द हिरवी विलायती स्पोर्ट्स कार. आमच्या बाभईत तेव्हा स्कूटर असलेला माणूस बडा समजला जायचा, आणि माझी आत्या डोक्याला रुमाल बांधून त्या गाडीतून आरेच्या रस्त्याने भांडुपला कामाला जायची. लोक काय काय बोलले असतील ते बोलले असतील. मला ती कधीतरी शाळेत सोडायला यायची. त्या दिवशी मी वर्गात कोणाशी बोलायची नाही, नुसती मान ताठ करून बसायची.

मग इंजिन थकलं. धूर सोडायला लागलं, ऑइल प्यायला लागलं, उन्हाळ्यात हायवेच्या पुलावर चढलं की उकळायला लागलं. त्यातच बाबांचं आजारपण निघालं, आणि गाडी बिल्डिंगखालच्या गॅरेजमध्ये गेली ती तिथेच राहिली. बाबा गेले. पहिल्या मजल्यावरच्या घरात आई आणि आत्या, वहिनी-नणंद, दोघीच उरल्या. मी त्याच बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर. बाबांचं वर्षश्राद्ध झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याने गॅरेजचं शटर वर केलं, बाबांचा जुना शर्ट अंगात चढवला आणि बॉनेट उघडलं. तेव्हा ती सत्तरीला टेकली होती.

नुसतं दुरुस्त करणार असती तर आम्ही समजू शकलो असतो. आत्याला ते इंजिन मुळापासून उघडून पहिल्यापेक्षा दमदार करायचं होतं. सिलिंडर जरा रुंद, पिस्टन नवे, श्वास मोठा घेता यावा म्हणून आतला कॅमशाफ्ट वेगळ्या घडणीचा, रेडिएटर अॅल्युमिनियमचा, त्यावर विजेचा पंखा. पाना फिरवायला आणि वजन उचलायला मनोरीचा पास्कल होता. तो मूळचा मासेमारीच्या बोटींची इंजिनं बघणारा, आता वय झाल्यावर मोजकीच कामं घ्यायचा. गॅरेजमध्ये येताना त्याच्याकडे हमखास सुके बोंबील असायचे. ते आमच्या शाकाहारी सोसायटीत लपवून आणणं हे त्याच्या मते इंजिन बांधण्यापेक्षा अवघड काम होतं.

जुन्या गाड्यांच्या शौकिनांचा एक ग्रुप होता फोनवर. आत्याने उत्साहाने इंजिनाचे फोटो टाकले आणि तिथे गहजब झाला. गाडी ओरिजिनल ठेवायची असते, मॅडम, तुम्ही तिचं मोल घालवताय, वगैरे. एक गृहस्थ तर मुद्दाम घरी आले समजावायला. आत्याने त्यांना चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अहो, ओरिजिनलचं काय घेऊन बसलात. माझे दात ओरिजिनल नाहीत, गुडघा ओरिजिनल नाही. म्हणून मी काय कपाटात उभी राहू?" गृहस्थ हसले, दुसरा चहा मागितला आणि जाताना पिस्टन कुठून मागवले ते विचारून गेले.

तिची कामाची रीत एकच होती. आधी पूस, मग बघ, मग हात लाव. मला कधी गॅरेजमध्ये मदतीला बोलावलं की मी नट उचलून थेट लावायला जायची आणि मागून आवाज यायचा, "पूस आधी." प्रत्येक तुकडा रॉकेलने धुवायचा, फडक्याने कोरडा करायचा, उजेडात धरून फिरवून बघायचा, मगच तो जागेवर. बांधून झालेल्या भागावर ती आईच्या जुन्या मऊ पांढऱ्या साडीचा तुकडा झाकून ठेवायची. आई वरून ओरडायची, "वन्सं, जेवायला या, ते काय पळून जात नाहीये." आणि आत्या म्हणायची, "आले, आले, हा एवढा एक बोल्ट." त्या बोल्टची वाट बघत आईने किती वेळा पोळ्या परत गरम केल्या असतील. पण गाडीबद्दल बाहेरच्याने एक शब्द वावगा काढला की आईच भांडायला पुढे. सोसायटीचे सेक्रेटरी आवाजाची तक्रार घेऊन आले तेव्हा तिने त्यांना दारातच सुनावलं, "तुमच्या मुलाचा ड्रम आम्ही ऐकतोच ना?"

आणि मग दसरा आला.

आमच्या घरी दसऱ्याला आई यंत्रांची पूजा करते. मिक्सर, शिवणमशिन, माझा लॅपटॉप, कायद्याची पुस्तकं, नवऱ्याची मोटरसायकल, सगळ्यांना हळदकुंकू, फूल आणि अक्षता. त्या वर्षी तिच्या मनात आलं, घरातलं सगळ्यात मोठं यंत्र खाली बसलंय, त्याला कसं वगळायचं? आत्या आंघोळीला गेली होती. आई ताट घेऊन खाली उतरली, तिच्याबरोबर मीही गेले. इंजिन स्टँडवर उभं होतं. पिस्टन आत बसलेले, वरचा अर्धा भाग, ज्याला हेड म्हणतात, तो अजून बसायचा होता. म्हणजे उघडंच. आईने साडीचा तुकडा अलगद बाजूला केला, जणू पाळण्यातल्या बाळाचं दुपटं. त्या चकचकीत लोखंडावर हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं आणि ओल्या कुंकवाच्या लाल अक्षता वरून टाकल्या. मी फोनवर फोटो काढला. तेवढ्यात ओल्या केसांनी आत्या दारात येऊन उभी राहिली. तिची नजर इंजिनावर गेली आणि तोंड उघडलं. पण आईने मागे वळून इतक्या आनंदाने विचारलं, "आता होईल ना हो सुरू?" की आत्याने उघडलेलं तोंड मिटलं आणि हात जोडले. ती स्वतः देवाला मानणारी नव्हती. "आता न होऊन सांगतंय कोणाला," ती म्हणाली.

आई वर गेल्यावर तिने दुपारपर्यंत एक एक दाणा चिमट्याने वेचला, हवेने फुंकलं, पुसलं, परत पुसलं. मग तिने आणि पास्कलने हेड चढवलं.

इंजिन पहिल्यांदा सुरू करायचं ठरलं तो थंडीतला रविवार होता. अर्धी बिल्डिंग जमली होती. आईने पेढे आणले होते. आत्याने चावी फिरवली. इंजिन दोनदा खोकलं, आणि मग जे लागलं म्हणता, आमच्या पोटातून तो आवाज गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आत्या टाळ्यांकडे लक्ष न देता कान देऊन उभी. ऑइलचा काटा बरोबर जागेवर होता. पास्कलने मला अंगठा दाखवला. आई चहा टाकायला वर गेली. आणि थोड्या वेळाने त्या भरल्या आवाजात एक बारीक चिवचिव आली. मला तर वाटलं गॅरेजच्या छपरावर चिमणी बसलीय. आत्याचा चेहरा एकदम उतरला. चिवचिवीची टकटक झाली, पण तोपर्यंत तिने चावी बंद केली होती.

लोक हळूहळू पांगले. पास्कलने इंजिनावरचं झाकण काढलं. आत रॉकर असतात, झोपाळ्यासारख्या वरखाली होणाऱ्या छोट्या दांड्या. त्यांना ऑइल मिळतं ते खालून येणाऱ्या एकाच बारीक भोकातून. ऑइलचा काटा खालचं सांगतो, वरचं सांगत नाही. वर सगळं कोरडं ठणठणीत होतं. घासून, तापून लोखंड निळं पडलेलं, एक दांडी वाकलेली. पास्कलने तासभर खपून हेड उतरवलं आणि त्या भोकात तार घातली. तारेच्या टोकाला तांदळाचा एक दाणा आला, लाल कुंकवाचा.

 जिन्यात आईची चाहूल लागली, तसा आत्याने तो दाणा तारेवरून काढला आणि शर्टच्या खिशात टाकला. आई चहाचा ट्रे घेऊन आली. "काय झालं हो, बंद का पडलं?"

"काही नाही वहिनी. वरचा एक पार्ट खराब निघाला. नवीन आला होता तो, पण कच्चा. परत मागवायला लागेल."

"मेल्यांना लाज नाही वाटत असला माल पाठवायला," आई म्हणाली, आणि पास्कलच्या हातात कप दिला. पास्कलने मान वर केली नाही.

मला खरं तर राग येतो तेव्हा मी थांबत नाही. आई वर जाताच मी सुरू झाले. एवढ्या महिन्यांचं काम वाया, पार्ट परदेशातून यायचे, आणि तू खोटं बोलतेस? तिला कळायला नको? पुढच्या वर्षी परत ताट घेऊन येईल ती.

"ओरडून झालं?" आत्या म्हणाली. "आता ऐक. सांगितलं तर काय होईल? ती जन्मात परत कुठल्या यंत्राला हळदकुंकू लावणार नाही. मिक्सरसुद्धा भीतभीत लावेल. तिच्याकडून एवढं काढून घ्यायचं, ते कशाच्या बदल्यात?"

"पण चूक तिचीच ना?"

आत्या स्टुलावर बसली. फडक्याने हात पुसत राहिली, पुसायला काही उरलं नव्हतं तरी. "तांदूळ तिचा. चूक माझी. चालू करायच्या आधी ऑइल वर पोचलं का ते बघायचं असतं. सगळ्यात शेवटी, सगळ्यात महत्त्वाचं. पास्कलने इंजिन हाताने फिरवलं आणि मी वाकून बघत होते. बघितलं आणि म्हटलं, आलं." तिने फडकं मांडीवर ठेवलं. "मला वाटलं मला दिसलं."

पास्कल हळूच म्हणाला, "कुमुदबाय, डोळ्यांचं सांगून टाका आता. मी किती दिवस गप्प बसू?"

काचबिंदू होता तिला, दोन्ही डोळ्यांत. नजर कडेकडून विझत आत यायची. ती थेंब घालत होती, पण उशिरा सुरू केलेले, आणि आम्हाला कोणाला पत्ता नाही. मग एकेक गोष्ट माझ्या डोळ्यांपुढे आली. टेबलाच्या कडेचा कप सारखा सांडायचा. जिन्यात ती कठडा सोडायची नाही. मी बाजूने हाक मारली की दचकायची. आम्ही म्हणायचो, वय झालं आत्याचं. फ्रीजच्या खडखडाटाला कान न देणाऱ्या घराला नावं ठेवणारी बाई आमच्या घरात राहत होती, आणि आमच्यापैकी कोणाचं तिच्याकडे लक्ष गेलं नव्हतं. हे लिहितानाही मला वाईट वाटतंय.

दुसऱ्या दिवशी मी तिला घेऊन डॉक्टरांकडे गेले. गेलेली नजर परत येणार नाही, असलेली टिकवायचा प्रयत्न करू, असं ते म्हणाले. आत्याने एकच प्रश्न विचारला, "गाडी चालवता येईल का?" डॉक्टरांनी मान हलवली. बाहेर आल्यावर रिक्षात बसताना ती म्हणाली, "पार्ट यायला उन्हाळा उजाडेल. तोवर टिकेल थोडी. मला एकदाच चालवायचीय गं. बाभईहून निघून मनोरीला पास्कलच्या अंगणापर्यंत. बस. मग विकून टाका." 

इथे पुढचं थोडं आताच सांगून टाकते. आत्या जाऊन आता काही वर्षं झाली. झोपेत गेली, कोणाला त्रास नाही, स्वतःलाही नाही. तेराव्यानंतर आई आणि मी तिचं कपाट आवरत होतो, तेव्हा आई सहज म्हणाली, "तो तांदूळ माझाच होता ना?" हातातली साडी खाली ठेवून मी म्हटलं, तुला कधी कळलं? "तेव्हाच. पास्कलचं तोंड बघून. आणि वन्सं कधी कोणाच्या मालाला कच्चा म्हणाल्या होत्या का? मागवतानाच दहादा तपासणाऱ्या." मग एवढी वर्षं बोलली का नाहीस, मी विचारलं. आई साड्यांच्या घड्या घालत म्हणाली, "त्यांना वाटत होतं ना, मला कळू नये म्हणून? मग नाही कळलं मला." या दोन बायकांनी एका घरात उभा जन्म कसा काढला, ते मला त्या एका वाक्यात समजलं.

तर पार्ट आले आणि आत्या परत कामाला लागली. आता तिची रीत बदलली होती. पूर्वी ती तुकडा उजेडात धरायची, आता डोळे मिटून बोटांच्या टोकांनी चाचपायची. "बोटांना ओरखडा लवकर कळतो," म्हणायची. पण शेवटचं बघायचं काम तिने स्वतःकडे ठेवलं नाही. "पास्कल, तू बघ. मेघे, आता तू बघ. दोघांनी सांगा." ऑइल वर आलं का ते तपासायच्या दिवशी तिने आईलाही बोलावलं. आई चष्मा लावून वाकली आणि म्हणाली, "आलं हो वन्सं, मधासारखं आलं." आत्याने तरीही त्या दांड्यांवरून बोट फिरवलं आणि ओलं बोट आम्हाला दाखवलं.

माझं आणि तिचं भांडण झालं ते त्यानंतर. इंजिन झकास चालत होतं, आणि तिने मनोरीला जायचा दिवस ठरवून टाकला, मला न विचारता. मी सरळ सांगितलं, तू स्टिअरिंगवर बसलीस तर मी स्वतः पोलिसात जाईन. रस्त्यावर दुसऱ्यांची पोरं असतात.

"जा की. दिंडोशीला तुझी ओळख आहेच," ती म्हणाली.

"आत्या, मी गंमत करत नाहीये."

"मीही नाही. सगळं आयुष्य लोकांनी आखून दिलेल्या जागेत नकाशे काढले मी. एक रस्ता मला माझ्या हाताने पाहिजे. तो सकाळी रिकामा असतो. मला समोरचं दिसतं अजून."

मग ती माझ्याशी बोलेना. माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं करायची, आणि माझ्या मनात यायचं, खरंच दिसलं नसेल तर? त्या विचाराने मला रागवताही येईना. आई मध्ये पडली नाही. एवढंच म्हणाली, "त्यांना अडवू नकोस. त्या वेड्या नाहीत."

ठरलेल्या सकाळी मी खाली गेले ती भांडायच्या तयारीनेच. गाडी गॅरेजबाहेर, छत दुमडलेलं. आत्याने डोक्याला रुमाल बांधला होता, तसाच, माझ्या शाळेच्या दिवसांतला. ती उजवीकडे स्टिअरिंगवर बसली. आई आणि पास्कल बाजूला उभे. इंजिन सुरू झालं आणि इतकं छान लागलं की मी तोंडात आणलेलं सगळं विसरले. आत्याने क्लच दाबला. गिअरवर हात ठेवला. समोर गेटकडे बघितलं, मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली.

"कोणी नाही," ती स्वतःशीच म्हणाली.

गेटच्या डाव्या खांबाजवळ वॉचमन खुर्ची टाकून बसला होता. रोज बसतो तिथेच. मला तो लख्ख दिसत होता, आईला दिसत होता. मी ओरडणार तोच तो स्वतःच उठला, गाडीला गेट उघडून द्यायला. खुर्ची फरशीवर घासली गेली. आत्याने मान त्या आवाजाकडे वळवली आणि तशीच बसून राहिली.

इंजिन चालू होतं.  तिने गिअरवरचा हात काढला, हँडब्रेक ओढला, दार उघडलं. बॉनेटवर तळहात ठेवून ती समोरून वळसा घालून डाव्या बाजूला आली, चाचपून दार उघडलं आणि आत बसली. मांडीवर हात ठेवले. मग म्हणाली, "बस, मेघे. चपला काढ, अनवाणी चालव. पेडल कळायला पाहिजे पायाला."

मला आयुष्यात क्लचची गाडी नीट आलेली नाही. दहिसरच्या नाक्यावर दोनदा बंद पाडली, मागच्यांनी हॉर्न मारून जीव नकोसा केला, आणि माझा आत्यावरचा सगळा राग त्या हॉर्न मारणाऱ्यांवर निघाला. आत्या शांत. "आता टाक तिसरा. थांब, ती ओढतेय अजून. हां, आता." भाईंदर मागे पडलं, उत्तनचा रस्ता लागला, गर्दी संपली. उजवीकडे समुद्र आला. ती मला विचारत होती, मासळी वाळत घातलीय का, चर्चचा रंग बदलला का, मी सांगत होते. माझ्या बोलण्याला तिने पहिल्यांदाच नावं ठेवली नाहीत. म्हणाली, "बोल गं, बोल. अजून काय आहे?"

मग सरळ, मोकळा पट्टा आला. दूरवर कोणी नाही, आणि या वेळी ते मी नीट बघितलं होतं.

"दाब आता," आत्या म्हणाली. "घाबरू नकोस. तिला जाऊ दे."

मी दाबलं. ते इंजिन म्हणजे काय चीज होती हे मला तेव्हा कळलं. गाडी उचलल्यासारखी पुढे गेली, आवाज भरत भरत वर चढला, त्यात कुठे खोट नाही, चिवचिव नाही, अडखळ नाही. आत्याने दोन्ही तळहात समोर डॅशबोर्डवर टेकले होते. रुमाल सुटून मागे फडफडत होता. तिचा चेहरा कसा झाला असेल ते बघायचा मोह मला आवरेना. मी वळून बघितलं. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि ती हसत होती.

"माझ्याकडे काय बघतेस, समोर बघ," ती म्हणाली. "आपल्या दोघींत आता एकीलाच दिसतंय."